आत्याची फिरती अक्षरं

"मुलींच्या बाथरूमच्या दारावर लिहिलेलं धरतात का?"

टकळीने आत्याच्या खोलीत हे विचारलं. आईचा कप ओठांपर्यंत जाऊन तिथेच थांबला. आत्याने बशीतलं एक बिस्किट उगाचच दुसऱ्या बिस्किटावर नीट रचून ठेवलं. शांत होत्या त्या फक्त समितीवाल्या बाई. प्रश्न त्यांनाच विचारला होता. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि विचारलं, "कोणी लिहिलंय?"

खरं सांगायचं तर प्रश्न टकळीचा नव्हताच. तो गोटी आणि उंची या तिच्या दोन मैत्रिणींचा होता, आणि त्या दोघी ह्या घटकेला बाहेर जिन्यात दाराला कान लावून बसल्या होत्या. टकळी एरवी कितीही तोंडाचा पट्टा चालवणारी असली, तरी मोठ्या माणसांच्या बैठकीत हे विचारायची तिची छाती होणार नाही, अशी सकाळीच पैज लागली होती. गोटी तर म्हणाली होती की तू नुसती बडबडतेस गं, कामाचं बोलायची वेळ आली की तुझी बोलती बंद. आता एवढं ऐकून घेऊन कोण गप्प बसेल?

"आम्ही तिघींनी," टकळी म्हणाली. "म्हणजे सुरुवात तिघींनी केली. आता वर्गातल्या बऱ्याच जणी लिहितात. आत्याच्या अक्षरांत."

आत्याने मान वर केली. तिला ह्यातलं काहीच माहीत नव्हतं.

आत्या चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचं काम करते. ज्यांना वाचता येत नाही अशा माणसांसाठी तिथे एक वेगळा तक्ता असतो. त्याच्यावर अक्षरं नसतात. तीन दात्यांच्या फणीसारखं एकच चिन्ह असतं, कधी त्याचे दाते वर, कधी खाली, कधी डावीकडे, कधी उजवीकडे, आणि ओळीगणिक बारीक होत गेलेलं. दाते कुठल्या बाजूला आहेत ते समोरच्याने हाताने दाखवायचं. आत्या नोकरीला नवीन होती तेव्हा दिवसभर तो तक्ता बघून बघून तिच्या डोक्यात एक कल्पना शिरली, आणि शिरली ती ठाणच मांडून बसली. एक चिन्ह चार बाजूंना फिरवलं की चार चिन्हं होतात. मग एक व्यंजन घ्यावं, ते वर तोंड करून लिहिलं की त्याला एक स्वर, खाली तोंड केलं की दुसरा, डावीकडे तिसरा, उजवीकडे चौथा. तिच्या घरच्या भाषेत स्वर चारच. काना नको, मात्रा नको, नुसतं फिरवायचं.

तिच्या घरच्या भाषेला तोवर लिपीच नव्हती. नदीच्या वरच्या अंगाला काही वाड्या होत्या, तिथे ती बोलत. शाळा आल्या, रस्ते आले, माणसं कामाला खाली शहरात आली आणि ती भाषा वर राहिली ती राहिलीच. आता ती बोलणारी जी माणसं आत्याच्या ओळखीची होती, त्यांतली बहुतेक कवळी लावणारी होती. त्यांना आत्याने ही अक्षरं दाखवली तेव्हा त्यांनी कौतुक केलं, पण ह्या वयात आम्ही कुठे गिरवत बसू, असं म्हणून हात जोडले. एक मैत्रीण तेवढी शिकली होती. दोघी एकमेकींना लिहायच्या. ती मैत्रीण चार वर्षांपूर्वी गेली.

टकळी सहा वर्षांची असताना आत्याने तिलाही ही अक्षरं शिकवली होती, खेळ म्हणून. भाषा नाही शिकवली. भाषा शिकवायची ती बाबांनी, कारण बाबा आत्याचे धाकटे भाऊ. पण बाबांना विचारलं की ते म्हणायचे, मला कुठे येते, मी केव्हाच विसरलो. आणि विषय संपायचा.

तर ह्या समितीवाल्या बाई आल्या होत्या त्या अक्षरांसाठी. जगातल्या लहानसहान लिप्या संगणकात आणि फोनमध्ये लिहिता याव्यात म्हणून जी समिती काम करते, तिच्याकडे आत्याने दोन वर्षांपूर्वी आपली लिपी पाठवली होती. बाई ती बघायला आल्या. त्यांना ती आवडलीसुद्धा. पण आवडणं वेगळं आणि नियम वेगळा. नियम असा, की लिपी बनवणाऱ्याखेरीज दुसरं कोणीतरी, कोणी मागे न लागता, आपल्या कामासाठी ती वापरत असलं पाहिजे. ते सांगताना बाई म्हणाल्या होत्या, "एकीने केली आणि एकटीच वापरते, असं असेल तर आमच्याकडे तिला छंद म्हणतात." त्या हे वाईट हेतूने बोलल्या नव्हत्या, पण आत्याचा चेहरा उतरला होता. मग त्यांनी आणखी एक विचारलं, की समजा उद्या ही अक्षरं तुमच्या फोनमध्ये आली, तर पहिला निरोप तुम्ही कोणाला पाठवाल? आत्या नुसतीच बशीतली बिस्किटं सारखी करत बसली.

नेमक्या ह्याच वेळी टकळीने पैज जिंकली.

"तुम्ही लिहिता?" आत्याने विचारलं. "कधीपासून?"

"सातवीपासून. चिठ्ठी पकडली तरी कोणाला वाचता येत नाही ना. म्हणून."

आत्या हसायला लागली. आईने मात्र कप खाली ठेवला आणि दारावर काय काय लिहिलंय ते घरी गेल्यावर सविस्तर सांगायचं, असं बजावलं. आत्याचं हसू ओसरल्यावर तिने विचारलं, "आणि लिहिता कुठल्या भाषेत?"

"शाळेच्याच. जास्तीचे स्वर आले की वर टिंब देतो. दुसरी कुठली येते आम्हाला?"

"खरंय," आत्या म्हणाली, आणि तिने सगळ्यांचे कप गोळा केले, आईचा अर्धा भरलेलासुद्धा.

सोमवारी मधल्या सुट्टीत समितीवाल्या बाई शाळेत आल्या. परवानगी काढावी लागली, म्हणजे मुख्याध्यापिकांना सांगावं लागलं, म्हणजे मुख्याध्यापिकाही बरोबर आल्या. त्यांना सगळी शाळा मोठ्या बाई म्हणते. तर दोन बाई, टकळी, उंची आणि गोटी अशी वरात मुलींच्या बाथरूममध्ये शिरली. आत एक पाचवीतली पोर हात धूत होती. ती नळ चालू ठेवूनच पळाली.

शेवटचं दार आतून हिरवं आहे. त्याच्यावर पेनाने, कर्कटकाच्या टोकाने, एके ठिकाणी तर चक्क नेलपॉलिशने अक्षरंच अक्षरं. सगळी आत्याची, चारी बाजूंना तोंडं केलेली. समितीवाल्या बाई गुडघ्यावर बसल्या आणि खालून वर फोटो काढत गेल्या. मोठ्या बाई हाताची घडी घालून उभ्या होत्या.

"सगळ्यात वरती काय लिहिलंय?" मोठ्या बाईंनी विचारलं.

उंचीने गोटीकडे बघितलं, गोटीने छताकडे. समितीवाल्या बाई वही उघडून बसलेल्या, आता खोटं सांगितलं तर सगळंच खोटं व्हायचं. तिने वाचलं, "मोठ्या बाई येण्याआधी किल्ल्यांचा आवाज येतो. कान उघडे ठेवा."

मोठ्या बाईंनी कमरेचा जुडगा मुठीत धरला. "त्याच्या खाली?"

"गणिताचा पेपर सोपा आहे असं गोटी म्हणाली होती. ह्यापुढे गोटीवर विश्वास ठेवू नये."

"आणि त्याच्या खाली मी लिहिलंय," गोटीने स्वतःच पुढे होऊन सांगितलं, "की हे उंचीने लिहिलंय, कारण तिथवर हात दुसऱ्या कोणाचा पोचतो?"

समितीवाल्या बाई पहिल्यांदाच मनापासून हसल्या. एकीचं लिहिलेलं दुसरीने वाचलं, त्याला उत्तर दिलं, भांडण झालं, ह्याच्याइतकं चांगलं काय असणार, असं त्या म्हणाल्या. मोठ्या बाईंचा विचार थोडा वेगळा होता. त्यांनी सांगितलं की फोटो हवे तेवढे काढून घ्या, कारण शनिवारी ह्या तिघी मिळून दार घासणार आहेत.

पण नुसत्या फोटोंनी भागत नव्हतं. समितीत दहा डोकी, त्यातलं एखादं म्हणेलच की ही वेगवेगळी हस्ताक्षरं एकाच पोरीने काढली नाहीत कशावरून? म्हणून बाईंची एक पद्धत होती. दोन खोल्या घ्यायच्या. एका खोलीत त्या एक वाक्य सांगणार, तिथली मुलगी ते लिहिणार. कागद दुसऱ्या खोलीत जाणार, तिथली मुलगी ते मोठ्याने वाचणार. आधी काही ठरवायला वाव नाही.

आत्याच्या घरी खोली एकच. शाळा सुटल्यावर वर्गांना कुलपं. मग टकळीलाच सुचलं, की बाबांचं दुकान आहे की.

बाबांचं पाट्यांचं दुकान आहे. पूर्वी ते ब्रशने पाट्या रंगवायचे, आता स्टिकर कापायचं मशीन आहे. पुढे काउंटर आणि मशीन, मागे रंगांची खोली, मध्ये नुसता पडदा. टकळीने विचारलं तेव्हा बाबांनी नेहमीसारखा 'हप्' करून श्वास आत ओढला. ते त्यांचं 'हो' असतं. लहानपणापासूनची सवय. आईने त्यासाठी त्यांना एकदा छातीच्या डॉक्टरांना दाखवून आणलं होतं, छाती ठणठणीत निघाली.

आत्या मात्र म्हणाली, मी तिथे येत नाही, तुमचं तुम्ही करा. ती दुकानात कधीच येत नसे. टकळीची समजूत होती की तिला रंगाचा वास सोसत नाही. बाबा आणि आत्या तसे भेटायचे, आजारपणात एकमेकांकडे धावायचे, पण बोलायचे असं, जसं बँकेतल्या खिडकीशी बोलावं. "ताई, तुम्ही बसा." "नको, तुम्ही घ्या." सख्ख्या बहिणीला 'तुम्ही' म्हणणारा भाऊ टकळीने दुसरा पाहिला नव्हता. पण जन्मापासून तेच बघत आल्यामुळे त्यात काही खटकावं असं तिला कधी वाटलं नव्हतं.

तरी मंगळवारी संध्याकाळी आत्या आली. दाराशी क्षणभर थांबली, दुकानावरच्या पाटीकडे बघितलं, आणि काउंटरकडे न बघता सरळ मागच्या खोलीत जाऊन रंगाच्या एका उलट्या डब्यावर बसली. बाबा मशीनमध्ये लाल कागद लावत होते. त्यांनीही मान वर केली नाही.

मागच्या खोलीत टकळी लिहायला बसली. समितीवाल्या बाई शेजारी. पुढे काउंटरपाशी गोटी वाचायला, आणि कागद इकडून तिकडे न्यायला उंची. बाईंनी हळू आवाजात पहिलं वाक्य सांगितलं: माझ्या बुटांची नाडी कालपासून सापडत नाही. टकळीने झरझर लिहिलं. उंची पडद्याआड गेली आणि लगेच गोटीचा खणखणीत आवाज आला, "माझ्या बुटांची नाडी कालपासून सापडत नाही." दुसरं वाक्य एका हत्तीचं आणि बिघडलेल्या लिफ्टचं होतं. तेही बिनचूक. तिसऱ्याला गोटी एका शब्दावर अडखळली, पण तिचं तिने दुरुस्त केलं. जागा बदलून झाल्या, उंचीने लिहिलं, टकळीने वाचलं. कुठेही काही अडलं नाही. बाईंनी टिपून घेतलं आणि पेनाला टोपण लावलं.

"झालं," त्या म्हणाल्या. "माझ्याकडून झालं."

टकळीला नाचावंसं वाटत होतं. तिने आत्याकडे बघितलं. आत्याला आनंद झालाच होता, पण कसा, तर आपल्या अंगणातली माती दुसऱ्याच्या कुंड्यांत छान उपयोगी पडली म्हणून व्हावा तसा. ती डब्यावरून पुढे सरकली.

"एक माझं घ्याल?" तिने विचारलं. "आमच्या भाषेतलं. बघू तरी."

तिघी परत पहिल्या जागांवर गेल्या आणि टकळी लिहायला बसली. आत्याने एक छोटं वाक्य सांगितलं. टकळीला त्यातलं अक्षरही कळलं नाही, पण ऐकू आलं तसं तिने लिहिलं, अक्षरं फिरवत. उंची कागद घेऊन गेली. मशीन करकरत होतं. मग गोटीने, आपण काय बोलतोय ह्याचा काडीचा पत्ता नसताना, नेहमीच्याच खणखणीत आवाजात वाचलं:

"इल्लो तरोम पेहन?"

"हेक ओ," बाबा म्हणाले. "सोम ओ."

त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही. हातातला लाल कागद तसाच, नजर मशीनवर. आणि आवाज त्यांचा नव्हताच, म्हणजे होता, पण पाचसहा वर्षांच्या मुलाचा वाटावा असा, चटकन अंग काढून घेणारा.

मग त्यांनाच कळलं. त्यांनी मशीन बंद केलं.

शेजारूनच गोटीचा आवाज आला. ह्या वेळी अगदी बारीक. "काका, मी काय म्हणाले?"

आत्या उठली होती. तिने पडदा बाजूला केला आणि त्याच भाषेत एक वाक्य फेकलं, टोकदार. बाबांनी उत्तर दिलं. ती आणखी मोठं बोलली. बाबा काउंटरच्या मागून बाहेर आले, हात हलवत, भरभर, शब्दावर शब्द. टकळीच्या बाबांना एका दमात इतकं बोलताना कोणी पाहिलं नव्हतं. घरात बोलायचं खातं टकळीकडे होतं, बाबांकडे ऐकायचं. आणि हे तेच बाबा, मान वाकडी करून, बोट वर दुकानाच्या पाटीकडे रोखून भांडत होते, आणि आत्या कमरेवर हात ठेवून त्यांचं बोलणं मध्येच तोडत होती. समितीवाल्या बाईंचा हात फोनकडे गेला होता. मग त्यांनी तो मागे घेतला आणि नुसत्याच ऐकत राहिल्या.

टकळी रंगांच्या डब्यांमध्ये उभी होती. तिचे बाबा, तिची आत्या, तिच्या घरचं भांडण, आणि तिला त्यातला एक शब्द कळत नव्हता. गोटी आणि ती अगदी एकाच रांगेत. पहिल्यांदा तिला हसू आलं होतं. मग ते कुठे गेलं ते कळलं नाही.

शेवटी बाबा काहीतरी म्हणाले, खालच्या पट्टीत, आणि आत्याने उत्तर म्हणून 'हप्' करून श्वास आत ओढला. जसाच्या तसा. बाबांचा श्वास.

टकळीने समितीवाल्या बाईंकडे बघितलं. त्या हळूच म्हणाल्या, "ते 'हो' आहे. काही भाषांमध्ये 'हो' असंच म्हणतात, श्वास आत घेऊन."

म्हणजे ती छातीची तक्रार नव्हती, किंवा सवयही नव्हती. बाबांनी सगळी भाषा बंद करून ठेवली होती आणि एवढा एक शब्द फटीतून रोज बाहेर येत होता, आईला, गिऱ्हाइकांना, टकळीच्या शाळेत पालकांच्या सभेला. आणि त्याच्यावर डॉक्टरने फुंकणी देऊन छाती तपासली होती.

आत्या निघाली तेव्हा बाबा तिला कोपऱ्यापर्यंत सोडायला गेले. जाताना ते तिला 'तू' म्हणाले. "तू छत्री विसरतेयस, ताई." एवढंच, आणि तेही सगळ्यांना समजणाऱ्या भाषेत.

समितीवाल्या बाईंचा निरोप घ्यायला तिघी बस थांब्यापर्यंत गेल्या. गोटी आणि उंची पुढे चालत, इल्लो तरोम पेहन हे वेगवेगळ्या आवाजांत म्हणून बघत होत्या. बाईंनी सांगितलं की लिपी वापरात आहे असं त्या लिहिणार, आणि बहुतेक ती मंजूर होईल, वेळ लागेल पण होईल. टकळीने विचारलं, मग आत्याचं काम झालं ना?

बाईंनी रस्त्यावर बस येते का ते बघितलं. त्या गोड बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या.

"लिपीचं झालं. तुम्ही मुली तिच्यात जे लिहिता ते फोनमध्ये आत्तासुद्धा लिहिता येतं, रोजच्या अक्षरांत. तुमच्या आत्यांनी ती ज्या भाषेसाठी केली, ती भाषा तिच्यात लिहिणारं माणूस एकच आहे. त्याच्याबद्दल समितीकडे काही नियम नाही."

बस आली. त्या चढल्या, खिडकीतून हात केला, आणि गेल्या.

रात्रीचं जेवण वाढून होईपर्यंत टकळी बोलली नाही. आईने तिच्या कपाळाला हात लावून बघितला. बाबांनी ताट पुढे ओढलं, आणि कोणी काही विचारायच्या आतच म्हणाले, "कोंबडी कोणी सोडली."

"काय?" आई म्हणाली.

"त्या वाक्याचा अर्थ. आमची आई रोज संध्याकाळी ओरडायची, खुराडं उघडं दिसलं की. आम्ही दोघं लगेच एकमेकांकडे बोट दाखवायचो. मी नाही, तीच." ते भाताशी खेळत राहिले. "तुझी मैत्रीण अगदी तसंच ओरडली गं. तोच हेल. ती अक्षरंच अशी बसवलीयेत ताईने, की वाचणाऱ्याला हेल आपोआप येतो."

मग त्यांनी पाटीची गोष्ट सांगितली. दुकान नवीन होतं तेव्हा आत्याने हट्ट धरला होता की पाटी आपल्या अक्षरांत हवी. अक्षरं तिची, पण त्यांना जाडी-बारकाई दिली ती बाबांच्या ब्रशने. दोघांनी रात्रंदिवस बसून ती पाटी केली. बसवायला एक फिटर आला, त्याने ती उलटी लावली. एरवी उलटी पाटी कोणाच्याही लक्षात येते. पण ही अक्षरं उलटी केली तरी अक्षरंच राहतात, फक्त दुसरी होतात. येणाऱ्या-जाणाऱ्यांना काय, सुलटीही कळत नव्हती आणि उलटीही. महिनाभर ती तशीच राहिली. महिन्याने आत्या आली आणि तिने खालून वर बघितलं.

"आणि तुमच्या लक्षात आलं नव्हतं?" टकळीने विचारलं.

"नाही."

"रोज खालून जाऊन?"

"रोज." बाबांनी पाणी घेतलं. "रंगवताना मी चित्र काढल्यासारखं काढत होतो. वाचत नव्हतो. ताईचं म्हणणं, सगळ्या जगाला वाचता आलं नाही त्याचं मला काही नाही, पण तू? मी चिडलो. म्हटलं, तुझ्या ह्या किड्यामुंग्यांनी एक गिऱ्हाईक आलं नाही. पाटी उतरवली, त्याच्यावरच दुसरी रंगवली. ती आज आहे ती. त्यानंतर ती माझ्याशी आपल्या भाषेत बोललीच नाही. आणि ती बोलणार नाही म्हटल्यावर मी कोणाशी बोलणार होतो? मग म्हणायला लागलो, विसरलो. सोपं पडतं."

आई इतका वेळ चमचा हातात धरून ऐकत होती. "अहो, मी तुम्हाला डॉक्टरकडे नेलं तेव्हा तरी सांगायचं," ती म्हणाली. "छाती चांगली असूनही त्याने महिनाभर वाफ घ्यायला लावली होती. घेतलीत की मुकाट."

बाबा हसले. "तू एवढी काळजी करत होतीस. बरं वाटत होतं."

आईने त्यांच्या ताटात भाजी जरा जोरातच वाढली.

टकळीच्या मनात मात्र एकच हिशोब चालला होता. आत्याच्या ओळखीची ती कवळीवाली माणसं. मग आत्या. मग बाबा. आणि बाबांच्या पुढे? तिने आपल्यापुरतं उत्तर शोधलं, तर ते दारावरचं होतं. गोटीवर विश्वास ठेवू नये. आज तिने आत्याचं वाक्य लिहिलं होतं, बिनचूक लिहिलं होतं, आणि कोंबडी कोणी सोडली एवढंसुद्धा तिला कळलं नव्हतं. टपालपेटीला कुठे कळतं आत काय आहे?

तिने बाबांना विचारलं, पाणी कशाला म्हणतात? त्यांनी सांगितलं. ताट? तेही सांगितलं. भूक लागली? त्यावर ते अडले, डोळे मिटले, आठवलं, सांगितलं. तिने प्रत्येक शब्द तोंडात घोळवला. एक तर इतका चुकला की बाबांना ठसका लागला, आणि त्याचा अर्थ काय झाला ते त्यांनी आईसमोर सांगायला साफ नकार दिला.

आई म्हणाली, ह्या वेडात दहावीचं वर्ष आहे हे विसरू नकोस. बाबा म्हणाले, हळूहळू शिकू, सुट्टी लागली की बघू. टकळीला ते बघू ओळखीचं होतं. सायकलच्या वेळी दोन वर्षं बघत होते. तिने हात धुतले, पुसले, आणि खुर्चीच्या मागे उभी राहिली. वक्तृत्व स्पर्धेत उभी राहते तशी.

"सुट्टी नाही. मी ठरवलंय," ती म्हणाली. "आई, तुझ्याशी मी आहे तशीच बोलणार, तुला त्रास नाही. दहावीचा अभ्यास शाळेच्या भाषेत करणार, त्यात बदल नाही. पण बाबा, उद्या सकाळी उठल्यापासून तुमच्याशी मी फक्त आत्याच्या भाषेत बोलणार. मला आत्ता पाच शब्द येतात, तर पाच शब्द बोलेन. बाकी वेळ गप्प बसेन, मला जमेल, तुम्ही दोघं हसू नका. आणि तुम्ही दुसऱ्या भाषेत काही म्हणालात, तर मला ते ऐकू येणार नाही."